स्विचवर हिरवा लाइट, टेस्टरही पास, तरी रिमोट आयओ तुटतो

रात्रपाळी:
मी पॅकिंग लाइनवर इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. नेटवर्क माझं मूळ काम नाही. पण आयटीवाले म्हणतात मशीनचं आमच्याकडे येत नाही, आणि मशीनवाले म्हणतात नेटवर्क आमच्याकडे येत नाही. मधे मी उभी.

मांडणी अशी आहे. मेन पॅनेलमध्ये डिन रेलवर एक मॅनेज्ड स्विच आहे, २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, ८ कॉपर पोर्ट आणि २ एसएफपीच्या, म्हणजे फायबरचं मॉड्यूल खोचायच्या, खोबण्या. पोर्ट १ ला पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर), २ ला एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), ३ आणि ४ ला ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे). पोर्ट ५ वरून साधारण ७० मीटरची शील्डवाली कॅट ५ई केबल लाइनच्या पार शेवटच्या टोकाला, रिमोट आयओच्या (लांबचे सिग्नल पीएलसीपर्यंत नेणारं-आणणारं उपकरण) पेटीत जाते. पोर्ट ८ वरून सर्व्हर रूमकडे. सगळं प्रोफिनेट, म्हणजे मशीनसाठीचं इथरनेट.

दुखणं असं की पाळीत तीन-चार वेळा पीएलसीवर लाल लाइट लागतो, रिमोट आयओ गायब होतो आणि लाइन थांबते. चार-पाच सेकंदांत तो आपला आपण परत येतो, पण तोवर कन्व्हेयरवर खोकी एकमेकांच्या अंगावर चढलेली असतात. सुट्टीच्या दिवशी लाइन बंद ठेवून फक्त पॅनेल चालू ठेवलं, तर रात्रभरात एकदाही तुटला नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगते, म्हणजे तेच तेच सुचवायला नको. पोर्ट ५ ची केबल ६ ला लावून पाहिली. स्पेअर स्विच बसवून पाहिला. आयओचं हेड मॉड्यूल (नेटवर्कची केबल लागते ते) बदललं. केबलला टेस्टर लावला, तो दोन डब्यांचा, एक ते आठ लाइट ओळीने लागणारा. आठही लागले, क्रमाने लागले. स्विचवर पोर्टचा हिरवा लाइट चोवीस तास जळतोय. साहेबांचं म्हणणं, केबल पास झाली ना, मग केबलचं नाव काढू नका.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. पोर्ट ८ गिगाबिट आहे, पलीकडचा स्विचही गिगाबिट आहे, पण लिंक १०० एमबीपीएसवरच लागते. आणि स्टोअरमध्ये एसएफपी मॉड्यूल पडून आहेत. ५ नंबरची केबल काढून सरळ फायबर टाकलं तर सुटेन का मी यातून?

झटपट:
स्विच चांगल्या कंपनीचा घ्या आणि सगळीकडे कॅट ७ टाका. विषय संपला.

रात्रपाळी:
स्विच बदलून झालाय, वर लिहिलंय. नवा स्विचही तितक्याच प्रामाणिकपणे तुटला.

पॅनेलवाला:
ताई, आधी त्या हिरव्या लाइटवरचा विश्वास काढून घ्या. लिंकचा लाइट इतकंच सांगतो की दोन टोकांना एकमेकांची चाहूल लागली आहे. आलेल्या फ्रेमपैकी, म्हणजे डेटाच्या पुडक्यांपैकी, किती फाटक्या आल्या ते तो सांगत नाही. टेस्टरचंही तेच. तो एका टोकाला व्होल्टेज देतो आणि दुसऱ्या टोकाला पोचलं का ते पाहतो. घरातल्या बेलच्या वायरलाही तो आठ लाइट लावून दाखवेल.

तुमचा स्विच मॅनेज्ड आहे, म्हणजे तो हिशेब ठेवतो. लॅपटॉप लावा, स्विचच्या पानावर पोर्ट स्टॅटिस्टिक्स उघडा, आकडे शून्यावर आणा, वेळ लिहून ठेवा आणि एक पाळी जाऊ द्या. दोन रकाने बघा. एक सीआरसी, म्हणजे वाटेत मोडून आलेल्या फ्रेमचा आकडा, काही स्विचवर त्याला एफसीएस म्हणतात. दुसरा लेट कोलिजन, म्हणजे उशिरा झालेल्या टकरींचा.

त्याच पानावर स्पीड आणि डुप्लेक्स बघा (फुल म्हणजे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं, हाफ म्हणजे आळीपाळीने). दोन्ही टोकं ऑटोवर हवीत, नाहीतर दोन्ही हाताने एकसारखी सेट केलेली. कुणीतरी एका बाजूला १०० फुल पक्कं करतो आणि दुसरी बाजू ऑटोवर राहते. मग ऑटोवालीला स्पीड ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ती हाफ धरते. अशा वेळी हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन वाढतात आणि फुलवाल्या बाजूला सीआरसी. हे दिसलं तर केबलला हातही लावू नका, सेटिंग नीट करा.

रात्रपाळी:
पाहिलं. दोन्ही टोकं ऑटो, लिंक १०० फुल. रात्री दहाला आकडे शून्य केले, दोनला पाहिले. पोर्ट ५ वर सीआरसी ०, लेट कोलिजन ०. या चार तासांत लाइन दोनदा थांबली!

म्हणजे साहेबांचं बरोबर निघालं की काय? मला ते फार जड जाईल.

पॅनेलवाला:
साहेबांना अजून काही सांगू नका. सीआरसीचा रकाना त्या पोर्टवर आत आलेल्या फ्रेम मोजतो. स्विचने धाडलेली फ्रेम वाटेत मोडली तर ती स्विचला कुठून कळणार? ती मोजली जाते पलीकडे, आयओच्या पोर्टवर. पीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाइन जाऊन त्या हेड मॉड्यूलच्या डायग्नोस्टिकमध्ये पोर्टचे आकडे मिळतात. तिथले बघा.

१०० एमबीपीएसला केबलमधल्या फक्त दोन जोड्या कामाला येतात. १-२ पिनांची एक, ३-६ ची दुसरी. एक जायला, एक यायला. एक जोडी ठणठणीत आणि दुसरी आजारी असू शकते, आणि मग आजार एकाच टोकाला दिसतो.

रात्रपाळी:
सापडलं! आयओच्या पोर्टवर ४० मिनिटांत २,३१७ सीआरसी. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पेटीशेजारी पालथ्या क्रेटवर बसले होते. कन्व्हेयरची मोठी मोटर सुरू झाली की आकडा पळायला लागतो, मोटर थांबली की जागीच थिजतो. पाच-सहा वेळा पाहिलं, एकदाही चुकलं नाही.

मग ट्रेवरचं झाकण उचललं. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी पॉवर केबल आणि आपली नेटवर्कची केबल एकाच ट्रेमध्ये, जवळजवळ ३० मीटर गळ्यात गळा घालून. वर टायने एकत्र बांधलेल्या. बांधणाऱ्याने टाय मात्र फार सुबक कापले आहेत.

एक शंका. एवढ्या चुका सतत होत असतील तर लाइन पाळीत तीन-चारदाच का थांबते?

पॅनेलवाला:
आयओचा अपडेट टाइम, म्हणजे किती वेळाने एक फेरी डेटा जातो तो, किती ठेवलाय? समजा २ मिलिसेकंद आणि सलग ३ फेऱ्या हुकल्या तर संपर्क तुटला समजायचं, म्हणजे ६ मिलिसेकंद. सुटी फ्रेम मोडली तर पुढची येते, कुणाला पत्ता लागत नाही. सलग तीन मोडल्या की पीएलसी लाल. त्या २,३१७ पैकी बहुतेक एकेकट्या असणार.

आणि कुणी म्हणेल वॉचडॉग, म्हणजे फेऱ्या हुकायची ही मर्यादा, ३ चा १० करा. लाल लाइट कमी होईल, खरं आहे. पण फ्रेम मोडत राहतील, आणि सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी इथे हाच प्रश्न घेऊन येईल.

चार-ते-वीस:
इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, पॅनेलच्या बाजूला. दोन्ही टोकांना केलं की ग्राउंड लूप होतो, म्हणजे शील्डमधूनच करंट फिरायला लागतो. तुमच्याकडे दोन्हीकडे केलेलं असणार, बघा.

पॅनेलवाला:
काका, तुमच्या चार ते वीस मिलिअँपच्या सेन्सर सिग्नलला ते बरोबर आहे. तिथे भीती ५० हर्ट्झच्या गुणगुणीची असते. इथे ड्राइव्हच्या आउटपुटवर व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चढतं-उतरतं, आणि प्रत्येक चढ इतका खडा असतो की त्यातला त्रास मेगाहर्ट्झपर्यंत जातो. त्या फ्रीक्वेन्सीला एका टोकाला अर्थ केलेलं लांब शील्ड दुसऱ्या टोकाला उघडंच पडतं. इथे दोन्ही टोकं अर्थ करायची, तीही पिळून शेपटी करून नव्हे, तर प्लगच्या धातूच्या कवचाला चारही बाजूंनी चिकटवून. दोन पॅनेलांच्या अर्थमध्ये फरक असेल तर त्यांच्यात बाँडिंगची जाड तार टाकायची. ते जमत नसेल तर फायबर.

चार-ते-वीस:
बाँडिंग असेल तर हरकत नाही. नसतं, हा माझा अनुभव आहे.

पॅनेलवाला:
माझाही.

जोडीदार:
मध्ये बोलतो. ट्रेमधली शेजारीण दोषी आहेच, पण शील्डवाल्या केबलमध्ये ७० मीटरला एवढा कहर होत नाही, आणि तोही एकाच जोडीवर. पीळ शाबूत असता तर दोन्ही तारांवर त्रास सारखाच बसला असता आणि पलीकडे, जिथे दोन तारांमधला फरकच वाचतात, वजाबाकीत गेला असता. मला प्लगचा संशय आहे.

ताई, प्लग हातात घ्या. खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल तुमच्या अंगाकडे. आता डावीकडून आठ तारांचे रंग लिहून पाठवा. दोन्ही टोकांचे.

रात्रपाळी:
पट्टेरी नारिंगी, नारिंगी, पट्टेरी हिरवी, हिरवी, पट्टेरी निळी, निळी, पट्टेरी तपकिरी, तपकिरी.

दुसऱ्या टोकालाही अगदी हेच. प्लग पारदर्शक प्लास्टिकचे आहेत, धातूचं कवच नाहीच. शील्डची चांदी दोन्हीकडे आवरणाच्या काठाला कापून टाकली आहे. मला तर रंग छान ओळीने दिसतायत, जोडीला जोडी.

जोडीदार:
तीच तर मेख आहे, दिसायला छान. चौथ्या जागी निळी हवी आणि सहाव्या जागी हिरवी. तुमच्याकडे त्यांची अदलाबदल झाली आहे.

आता हिशेब बघा. पिन ३ आणि ६ मिळून एक जोडी. तुमच्या ३ वर पट्टेरी हिरवी आहे, ६ वर निळी. केबलच्या आत पट्टेरी हिरवीला पीळ आहे हिरवीबरोबर, आणि निळीला पट्टेरी निळीबरोबर. म्हणजे ज्या दोन तारांनी सिग्नल वाटून न्यायचा त्या ७० मीटर दोन वेगळ्या संसारात नांदतायत. त्यांच्यात एकमेकींशी पीळच नाही. मोटरच्या केबलचा त्रास एकीवर कमी, दुसरीवर जास्त बसतो, आणि वजाबाकी करून उरतो तो कचरा. १-२ वाली नारिंगी जोडी मात्र बरोबर आहे, म्हणून एक दिशा स्वच्छ आणि दुसरी घाण.

टेस्टर का फसला? कारण दोन्ही टोकांना चूक एकसारखी आहे. १ ची तार १ ला, २ ची २ ला, सगळं सरळ. तार कुणाबरोबर पिळली आहे हे त्या डब्याला कळत नाही. याला स्प्लिट पेअर म्हणतात. ते पकडणारे टेस्टर वेगळे येतात, जोडीजोडीतला क्रॉसटॉक, म्हणजे एकीतून दुसरीत झिरपणारा सिग्नल, मोजणारे.

आणि एक सांगून ठेवतो, म्हणजे गोंधळ नको. हल्लीचे पोर्ट कुठल्या जोडीवर पाठवायचं आणि कुठल्यावर ऐकायचं हे आपापसात ठरवतात. तुम्ही प्लग काढून पुन्हा लावलात आणि उद्या चुका आयओऐवजी स्विचवर दिसल्या, तर भूत समजू नका. आजारी जोडी तीच असते, ऐकणारा बदललेला असतो.

रात्रपाळी:
मी हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. ज्याने केलं त्या कंत्राटदाराच्या माणसाने डोकं लावून, रंगसंगती बघून केलंय हो. त्याच्याजागी मी असते तर मीही असंच केलं असतं.

उद्या दुपारी लाइन दोन तास थांबणार आहे, तेव्हा नवे प्लग बसवते. तोवर पोर्ट ८ बद्दल कुणी सांगेल का?

काचतंतू:
पोर्ट ८ ची केबल बघा. आवरण हिरवं आहे का, आणि आत फक्त चार तारा, पिवळी, नारिंगी, पांढरी, निळी?

रात्रपाळी:
हो! अगदी तशीच. जाड आणि भरभक्कम आहे म्हणून तीच सर्व्हर रूमपर्यंत ओढली होती.

काचतंतू:
भरभक्कम आहेच, पण दोनच जोड्यांची आहे. पिवळी १ ला, नारिंगी २ ला, पांढरी ३ ला, निळी ६ ला, बाकीच्या चार पिना रिकाम्या. प्रोफिनेटच्या १०० साठी उत्तम. गिगाबिट मात्र चारही जोड्यांवर चालतं. गंमत अशी की दोन टोकांची बोलणी १-२ आणि ३-६ वरच होतात, त्यामुळे दोघंही आधी "गिगाबिट ना, हो, जमेल" म्हणतात. प्रत्यक्ष सुरू करायला जातात तेव्हा उरलेल्या दोन जोड्या सापडत नाहीत. तुमचा स्विच समजूतदार, तो खाली १०० वर उतरला. काही पोर्ट उतरतच नाहीत, लाइट लागतो-विझतो, लागतो-विझतो, आणि माणूस स्विच बदलत बसतो. गिगाबिट हवंच असेल तर चार जोड्यांची केबल ओढा.

फायबरचंही सांगतो. ते टाकण्यात चूक नाही, ड्राइव्ह शेजारी असला तरी काचेला फरक पडत नाही आणि अर्थचा वादही मिटतो. पण एसएफपी खोबणीत बसलं म्हणजे चालेलच असं नाही. मॉड्यूलवरचं लिहिलेलं वाचा. कॉपरसारखी १०० की १००० अशी तडजोड फायबरवर होत नाही. एका टोकाला १०० चं आणि दुसऱ्याला गिगाबिटचं लावलं तर लिंक येणारच नाही. तरंगलांबीही जुळायला हवी. मल्टिमोड फायबरवरचं गिगाबिटचं नेहमीचं मॉड्यूल ८५० नॅनोमीटरचं असतं, १०० चं १३१० चं. आणि काही स्विचची खोबण फक्त गिगाबिटचीच मॉड्यूल घेते, तेव्हा पलीकडे आयओच्या पेटीत काय लावणार याचा आधी विचार करा. रिमोट आयओला फायबरचा पोर्ट नसेल तर तिथे कन्व्हर्टर, त्याला वेगळी २४ व्होल्टची सप्लाय, म्हणजे बिघडायला आणखी एक डबी. तुमच्या जागी मी आधी कॉपर नीट करीन.

झटपट:
मी कॅट ७ म्हणालो होतो.

जोडीदार:
कॅट ७ मध्येही निळी आणि हिरवी असतात, राव.

प्लग बसवताना, ताई: पीळ शेवटपर्यंत ठेवा, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. रंग सरळ दिसावेत म्हणून लोक तीन-तीन सेंटिमीटर उलगडतात आणि केबलचा जीव तिथेच जातो. प्लग धातूच्या कवचाचा घ्या, शील्डची जाळी मागे दुमडून कवचाखाली येऊ द्या. बाहेरचं आवरण प्लगच्या आत शिरलं पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर येत नाही. आणि केबल एकसंध तारेची आहे की बहुतारी, ते बघूनच प्लग घ्या. दोन्हीच्या पट्ट्यांचे दात वेगळे असतात.

रात्रपाळी:
तीन दिवसांनी लिहितेय.

पहिल्या दिवशी मुद्दाम फक्त प्लग बदलले, ट्रेला हात लावला नाही. मला बघायचं होतं दोष कुणाचा किती. निळी चारला, हिरवी सहाला, धातूचे प्लग, शील्ड दोन्हीकडे कवचाला. पूर्ण पाळीत आयओच्या पोर्टवर ९ सीआरसी. लाइन एकदाही थांबली नाही. मोटर सुरू होताना मी पुन्हा त्याच क्रेटवर बसून आकड्याकडे बघत होते; हलला नाही. ते ९ कधी आले ते मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी टाय कापून नेटवर्कची केबल ट्रेच्या पलीकडच्या काठाला सरकवली. मधे वीत-सव्वा वीत अंतर राहिलं. जिथे ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात नेली. त्यानंतर दोन रात्री दोन्ही टोकांना ०. स्विचच्या पानाचा फोटो साहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, बाकी काही नाही.

पॅनेलवाला:
अंगठा म्हणजे पुष्कळ झालं. आता पॅनेलच्या आतल्या छोट्या केबलीही बघून घ्या. त्याच हाताने केल्या असतील तर त्यातही हेच असणार. तीन-चार मीटरला स्प्लिट पेअर खपून जाते, कुणाच्या लक्षात येत नाही. उद्या त्यातलीच एक कुणी गिगाबिटला लावली की रडायला लागेल.

रात्रपाळी:
पाहिल्या. एकूण ७ केबली, १४ प्लग. ४ केबलींमध्ये तीच अदलाबदल, दोन्ही टोकांना.

उरलेल्या ३ चे रंग अगदी बरोबर आहेत, नक्कीच वेगळ्या कुणीतरी केल्यात. त्यातल्या एकीचा प्लग बघायला हातात घेतला, तर केबल माझ्या हातात आली आणि प्लग पोर्टमध्येच राहिला.